आमच्या कॅसेटमध्ये नसलेलं अक्षर

या धाग्यावरचे अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतोय आणि, माफ करा मंडळी, बहुतेकांना मनातल्या मनात हसलोय. पिंपळाखालची बाई, लिफ्टमधला म्हातारा… सगळ्यांना माझं एकच उत्तर असायचं — झोप कमी, जेवण जास्त. आमच्या घरात अंगात येणं, उतारा, नजर काढणं, हे सगळं लहानपणापासून उंबऱ्याबाहेर. वडील म्हणायचे, ज्याला पुरावा नाही त्याला नमस्कार नाही. त्यात माझा धंदाही टेस्टिंगचा. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशीनच्या पोटातले प्रोग्रॅम तपासतो. 'सर, आपोआप झालं' असं कुणी नवीन पोरगं म्हणालं की मी त्याला आल्या पावली परत पाठवतो. आपोआप काहीही होत नसतं.

तर तोच मी आज इथे लिहितोय. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसा, माझी हरकत नाही. मीही हसलोच होतो.

मी राहतो मुलुंड पूर्वेला, आई आणि मी. मित्र विल्सन राहतो गोराईला. बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीत बसायचं, खाडी ओलांडली की पलीकडे रिक्षाने दहा मिनिटं. गावठाणातलं जुनं कॅथलिक घर, कौलं काढून पत्रे घातलेले, पुढे सुकत घातलेले बोंबील. माणूस अंधेरीच्या एका स्टुडिओत जाहिरातींची ग्राफिक्स करतो. आमची ओळख झाली ती जुन्या व्हिडिओ गेमच्या एका ऑनलाइन ग्रुपवर.

ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांना सांगायला नको. टीव्हीला जोडायचा लाल-पांढरा डबा, दोन रिमोट आणि कॅसेट. जगात त्याला कार्ट्रिज म्हणतात, आपल्याकडे कॅसेटच. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. त्या डब्यासाठी नवीन गेम काढणाऱ्या कंपन्या केव्हाच थांबल्या, पण जगभर काही वेडे लोक आजही घरी बसून त्याच्यासाठी गेम बनवतात. त्यातले दोन वेडे आम्ही. प्रोग्रॅम मी लिहायचा, चित्रं आणि संगीत विल्सनने करायचं. जुनी मेलेली कॅसेट उघडायची, आतली चिप काढून टाकायची, आपला गेम नव्या चिपवर बर्न करायचा आणि ती तिथे बसवायची.

दोन छोटे गेम झाल्यावर विल्सन म्हणाला, आता आपल्या गावचा करू. नाव 'डोल'. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात समुद्रात लावून ठेवतात ते पिशवीसारखं जाळं. गेममध्ये एक तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि एक खलाशी. भरतीचं गणित बघून जाळं टाकायचं, ओढायचं, पाणी फिरायच्या आत परत यायचं. मला कल्पना एकदम झकास वाटली.

मग त्याने शेवट सांगितला.

विल्सनचे वडील तांडेल होते. तो अकरा वर्षांचा असताना, दिवाळीच्या अलीकडे, अचानक आलेल्या वादळात ते गेले. बोटीवर दोघंच होते. वडील आणि बाला नावाचा खलाशी, बाहेरगावचा, गोराईला येऊन दोन हंगाम झालेले. तिसऱ्या दिवशी वडिलांचं प्रेत उत्तनच्या बाजूला लागलं. बाला सापडला नाही… जिवंत नाही आणि मेलेलाही नाही. बोटीबरोबर बांधलेली छोटी होडीपण गायब. तेव्हापासून अख्ख्या गावाने धरून ठेवलेलं, की बाला तांडेलला बुडता सोडून होडी घेऊन पळाला.

"शेवटच्या सीनला वादळ येईल," विल्सन म्हणाला, "नि बाला होडीन उडी मारून जाईल. प्लेयरने काय पन केला तरी तो जानारच."

"म्हणजे गेम जिंकताच येणार नाही?"

"नाय. मना तेच दाखवायचा हाय. तो माझे पप्पाला मारून गेला नि कुठंतरी बसून भात खातोय."

मी बाला या माणसाला ओळखत नव्हतो, पण मला ते खटकलं. नाव तरी बदल म्हटलं. तो म्हणाला, नाव तेच राहणार. इतकी वर्षं त्याच्या आईने, रेजिना आन्टीने, दर वर्षी नवऱ्याच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, ठेवली होती आणि दर वर्षी तिथून परत येताना बालाला शाप दिला होता. या घरात तो माणूस रोजच्या जेवणात मीठ असतं तसा होता. मी नावाचा विषय सोडून दिला.

आता थोडं तांत्रिक, पण मुद्दा त्यातच आहे म्हणून वाचा. या डब्याच्या चिपवर चित्रांना जागा फार थोडी. अख्खा गेम — समुद्र, बोट, मासे, आकाश, अक्षरं — जेमतेम पाचशे बारीक चौकोनी तुकड्यांत बसवायचा. देवनागरीचं एक अक्षर कधी दोन तुकडे खातं, कधी चार. त्यामुळे आम्ही फक्त लागतील तेवढीच अक्षरं काढली. गेममधली वाक्यं गोराईच्या बोलीत होती. 'जाला वड', 'पानी फिरला' अशी. मी यादी करताना विचारलं, ळ आणि ण किती वेळा येतात?

"आमचे बोलीन ळ नायच," विल्सन म्हणाला. "डोला, काला, गला. काढून टाक ना, उगाच जागा खातंय."

काढून टाकला. त्या जागेत त्याने बगळा बसवला आणि वर मला ऐकवलं, की तुमच्या शुद्ध मराठीपेक्षा आमचा बगला बरा. तेव्हा, लक्षात घ्या, आमच्या चिपवर ळ हे अक्षर कुठेच नव्हतं. चुकून राहिलेलं, अर्धवट, उलटं, कसंही नव्हतं. ती यादी मी स्वतः तीनदा तपासली होती.

मागच्या वर्षी जानेवारीतला रविवार. दुपारचे दोन-सव्वादोन. आन्टीने बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी खायला घातली होती, बाहेर कडक ऊन, शेजारी कुणाच्या तरी लग्नाची बँड प्रॅक्टिस चाललेली. वातावरणनिर्मिती वगैरे काही नाही. विल्सनच्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला डबा जोडला आणि पहिल्यांदा पूर्ण गेम खऱ्या कॅसेटवरून चालवला. लॅपटॉपवर तो मी शंभर वेळा चालवला होता, त्यात एकही दोष उरला नव्हता.

रिमोट विल्सनच्या हातात. शेवटचा सीन आला. लाटा, काळं आकाश. खाली चौकट उघडली. तिथे बालाचं वाक्य यायला हवं होतं — 'मी चाललू'. त्याऐवजी तीन ओळी आल्या.

बाळू
वडवळी
कळवा

बाला होडीत गेला नाही. बोटीवरच उभा राहिला. लाटा हलत होत्या, बगळा उडत होता, संगीत चालू होतं, आणि तो उभा.

मी आधी ओरडलो, "बंद कर, चिप नीट बसली नाहीये!" कारण कॅसेटचा टाका सैल असेल तर पडद्यावर कचरा येतो, तुम्हीपण पाहिलाय. पण कचरा म्हणजे कचरा असतो. त्यात रेषा येतात, माशाचं शेपूट येतं. सुबक, बाकीच्या अक्षरांच्याच जाडीचा ळ येत नाही. तोही तीन वेळा.

विल्सनने टीव्हीवरून नजर हटवली आणि माझ्याकडे बघितलं.

"यो काय हाय?"

"मला काय विचारतोस?"

"ळ तुझा. आमचे घरान कोन लिवतो ळ? तू माझे पप्पाचे वर मस्करी करतंस?"

मी शपथेवर सांगितलं. तो ऐकेना. उलट मला वाटत होतं की यानेच मला गंडवायला काही केलंय. आवाज ऐकून आन्टी बाहेर आली, हात पुसत. चष्मा नव्हता म्हणून टीव्हीच्या अगदी जवळ गेली आणि पहिली ओळ बोटाने वाचली.

"बाला," ती म्हणाली. आणि मागे सरकून खुर्चीवर बसली. "बंद करा ते. बंद करा."

म्हणजे वाचणारे तीन जण होते, भर दुपारी, पोटभर जेवलेले. मी मोबाइलवर फोटो काढला. पिक्चर ट्यूबचा फोटो काढला की आडवा काळा पट्टा येतो, तसा तो आला आणि नेमका खालच्या दोन ओळींवर. पुन्हा काढला, पुन्हा पट्टा. यात काही अमानवीय नाही, असं होतंच. पण चिडचिड झाली. शेवटी कागदावर उतरवून घेतलं.

मग माझ्या सवयीप्रमाणे कामाला लागलो. चिप काढून वाचली, माझ्या मूळ फाइलशी ताडून पाहिली. एका अक्षराचाही फरक नाही. लॅपटॉपवर तोच गेम नीट चालला, 'मी चाललू' म्हणून बाला गेला. परत डब्यात — बाळू, वडवळी, कळवा. पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच. बर्न करायचं यंत्र बरोबर नेलंच होतं, तिथेच दुसरी चिप बर्न केली. तेच.

संध्याकाळी बोटीपर्यंत सोडायला विल्सन आला, तेव्हा तो शांत झाला होता आणि मला तो तसा जास्त भीतीदायक वाटला.

"पत्ता हाय तो," म्हणाला. "नाव, गाव, ठिकान. पाकिटावर लिवतात तसा. कलवा. ठान्याचे पुढं. तुझे मुलुंडपासून किती?"

"वीस-पंचवीस मिनिटं."

"सालाऽ… इतके जवल."

आता हा पत्ता दिला कोणी, कसा, हे त्याला पडलंच नव्हतं. त्याला फक्त माणूस हवा होता. आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्यात मार्ग दिसला. पत्ता म्हटल्यावर निदान तपासता तरी येतं.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं कळव्याला गेलो. सकाळी दहापासून फिरलो. वडवळी म्हणून कुणाला माहीत नव्हतं. वडवली आहे, पण ती घोडबंदरला, एक रिक्षावाला म्हणाला. कुणी सांगितलं त्या चाळीत एक बाळू आहे, म्हातारा, वॉचमन. गेलो. बिचारा बाकड्यावर बसून कांदा कापत होता. साठी ओलांडलेला, बारीक. विल्सनने काही न विचारता त्याचा दंड धरला आणि उभा केला.

"गोराई आठवतं?"

"सोडा, सोडा हो… मी जळगावचा. मी कधी समुद्र नाही पाहिला."

सुरी खाली पडली. लोक जमले. मी मध्ये पडून माफी मागितली, विल्सनचा हात सोडवला. त्या माणसाच्या दंडावर बोटं उमटली होती. आम्ही गल्लीच्या बाहेर आलो तेव्हा विल्सन रस्त्याच्या कडेला मटकन बसला. मला स्वतःची लाज वाटली, त्याच्यापेक्षा जास्त. मी तर शुद्धीवर होतो ना.

त्याला तशा अवस्थेत गोराईला पाठवायला नको म्हणून मुलुंडला घरी आणला. आईने काही विचारलं नाही, पोहे केले. आई बुलढाण्याकडची, सातवी शिकलेली, कुणाच्याही चेहऱ्यावरून अर्धी गोष्ट ओळखणारी. माझ्या खिशातला तो कागद टेबलावर पडला होता. तिने तो उचलून वाचला, मोठ्याने, तिच्या वाचायच्या पद्धतीने, प्रत्येक शब्दावर थांबत.

"बाळू. वडवळी. कळवा." आणि लगेच, "कोण वारलं रे?"

मी कागद तिच्या हातातून घेतला.

"कोणी नाही. पत्ता आहे तो, कळव्याचा."

"कसला पत्ता? अरे येड्या, कळवा म्हणजे गाव नाही. कळवा म्हणजे कळवा. सांगा. आमच्या गावी मयत झालं का दुसऱ्या गावाला जाणाऱ्या माणसाजवळ अशीच चिठ्ठी द्यायचे. घाईघाईत कोण लांबड लावतं? मेलेल्याचं नाव, ज्या गावाला सांगायचं त्याचं नाव, कळवा. बस. चिठ्ठी हातात आली का बायका आधीच रडायला लागायच्या."

विल्सनच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. मुंबईत वाढलेले आम्ही दोघं, आम्हाला कळवा म्हटलं की स्टेशन आठवतं. चाळिशी आली तरी त्या शब्दाचा साधा अर्थ डोक्यात आला नाही.

वडवळीला सांगा. बाळू गेला.

पुढचं सगळं माणसांच्या मदतीने झालं, त्यात गूढ काही नाही. विल्सनने त्यांच्या मच्छीमार सोसायटीतल्या एका जुन्या माणसाला गाठलं. त्याला आठवत होतं. वह्यांमध्ये खलाशाचं नाव 'बाला' आणि गाव 'वडवली' असंच लिहिलेलं. लिहिणारा गोराईचाच, त्याला जसं ऐकू आलं तसं त्याने उतरवलं. त्या वर्षी दोघं जण घोडबंदरच्या वडवलीला जाऊनही आले होते. तिथे असा कोणी माणूस नव्हता. परत येऊन त्यांनी सांगितलं, बघा, हरामखोराने गावपण खोटं सांगितलं होतं. आणि बाला पळाला हे जे सगळे आधीच धरून चालले होते, त्यावर त्या दिवशी शिक्का बसला.

ळ घालून शोधलं तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या हद्दीवर, एका खाडीच्या आतल्या अंगाला, वडवळी नावाची छोटी वाडी सापडली. पोलीस पाटलांचा नंबर मिळवायला दोन दिवस गेले. मी फोनवर विचारलं, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तुमच्याकडून कोणी बाळू मुंबईकडे बोटीवर कामाला गेला होता का?

मग पाटील म्हणाले, "त्याची बायको हाय ना हितं. कुठं गावला तो? कोनाजवळ ऱ्हातो?"

त्या प्रश्नाने मला सगळं समजलं. गोराईला वाटत होतं, बाळू गावी पळून गेला. गावाला वाटत होतं, तो मुंबईला रमला. दोन्हीकडचे लोक इतकी वर्षं त्याला दुसरीकडे जिवंत ठेवून शिव्या देत होते.

आम्ही तिघं गेलो. आई म्हणाली, असल्या निरोपाला बाई माणूस बरोबर पाहिजे. बौद्धवाडीतलं शेवटचं घर. भिंतीवर आमच्या घरात आहेत त्याच तसबिरी, निळ्या रंगाची फ्रेम. शेवंताबाई साठीच्या आत-बाहेर, उन्हाने काळवंडलेली, हाताला हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू. पाटलांनी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की मुंबईची माणसं येणार आहेत, बाळूबद्दल बोलायला.

तिने आम्हाला पाणी दिलं आणि उभ्यानेच विचारलं, "मेला ना? आता मेला म्हनून आलात. तिकडची बाय कोन हाय? पोरं किती त्याला?"

आईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"भात कापाया येतो म्हनून गेला व्हता," ती म्हणाली. "पोरगी दीड वर्साची. मी येकटीनं कापला. सासू मरंतवर बोलत व्हती, तुझ्यात काय न्हाय म्हनून टाकलान तुला. पोरीच्या लग्नात लोक इचारीत, बाप कुठं? काय सांगायचं?"

मग विल्सनने सांगायला सुरुवात केली. मला वाटलं होतं तो थोडक्यात आटपेल. पण तो त्या दिवसापासून सुरू झाला — वारा कसा फिरला, किनाऱ्यावर बायका कशा उभ्या होत्या. शेवंताबाई मध्येच म्हणाली, "तुझा बाप गावला म्हनतोस. कसा गावला?"

"कॅनला बांधलेला होता. मोठा प्लास्टिकचा कॅन असतो, जाल्याला लावतात, तरंगता ठेवायला. तो एकच होता बोटीवर. पप्पाच्या कमरेला दोरीने बांधलेला. म्हणून तर तो वर राहिला, नाहीतर तो पन सापडला नसता. डोक्याला लागला होता त्याला, मागे. डॉक्टर बोलला की लागल्याबरोबर शुद्ध गेली असेल. काकाने दोरी कापली तेव्हा मी तिथेच होतो. काकाने त्याला पालथा केला, कारण गाठ…"

इथे विल्सन थांबला.

मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने स्वतःचे दोन्ही हात मागे नेले, कमरेजवळ, आणि तसेच धरून ठेवले. बोटं एकमेकांना शोधत होती.

"गाठ पाठीमागे होती," तो म्हणाला.

बेशुद्ध माणूस स्वतःला बांधत नाही. आणि शुद्धीत असला तरी पाठीमागे चार पदरी गाठ मारत नाही. बोटीवर दोघंच होते आणि तरंगणारी वस्तू एक. अकरा वर्षांच्या मुलाने ती गाठ डोळ्यांनी पाहिली होती, काकाने पाहिली होती, किनाऱ्यावरच्या निम्म्या गावाने पाहिली होती. पण तोवर सगळ्यांना बाला पळाल्याचं 'माहीत' होतं, म्हणून गाठीकडे कुणी बघितलंच नाही. होडीचं काय… दोरी तुटून वाहून गेली असेल. वादळात होड्या जातात.

विल्सन जमिनीवर डोकं टेकून रडला. चाळीस वर्षांचा माणूस. शेवंताबाईने पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला. मग म्हणाली, "म्हंजी टाकला न्हवता मला."

"नाही गं माय," आई म्हणाली. "नव्हतं टाकलं."

तिने कपाळाचं कुंकू स्वतःच पदराने पुसलं. सावकाश, घाई न करता, आधी मधलं आणि मग कडेचं राहिलेलं.

पंधरा दिवसांनी तिच्या दारात पुण्यानुमोदन झालं, मृताच्या नावाने घेतात ती बौद्ध वंदना. मुलगी आली होती, जावई आला होता. बापाचा फोटो नव्हताच, म्हणून नुसतं नाव लिहिलेला कागद ठेवला. आम्ही होतो.

आता तुमचे प्रश्न. हो, त्यानंतर कॅसेट चालवली. गावाहून परत आल्यावर त्याच टीव्हीवर, त्याच डब्यात. 'मी चाललू' येतं, प्रोग्रॅममध्ये आहे तसं. पुन्हा कधीही ते तीन शब्द आले नाहीत. विल्सनला गावाचं खरं नाव आधी कुठेतरी कानावर पडलं असेल आणि त्यानेच केलं असेल, असं म्हणायचं असेल तर म्हणा. मीही म्हणून पाहिलं. पण पहिली चिप मी बर्न केली होती, माझ्या घरी, माझ्या हाताने, आणि तिच्यात ते नव्हतं. आजही नाही. नऊशे वेळा तपासलंय. माझ्या कामाच्या भाषेत याला 'कारण सापडले नाही' असं लिहून फाइल बंद करतात, आणि असं लिहिणाऱ्याला मी आजवर आळशी समजत आलो.

'डोल' आम्ही कुठेही टाकला नाही. विल्सनला तो शेवट नको होता आणि दुसरा शेवट काढायचं त्याच्या हाताला धैर्य नव्हतं. तो गोराईत घरोघर गेला. वडिलांच्या वेळची जी सात-आठ म्हातारी माणसं उरलीत, त्या प्रत्येकाला त्याने गाठीचं सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं. एकाने, त्याच्या सख्ख्या काकाने, दार लावून घेतलं.

सगळ्यात अवघड गेलं ते रेजिना आन्टीला सांगणं. ती त्या रात्री जेवली नाही, सकाळी चर्चला गेली नाही. दुपारी विल्सनला म्हणाली, तिकडच्या बाईला फोन लाव. मी त्या दिवशी तिथेच होतो. स्पीकरवर लावला, कारण आन्टीला कानाने कमी ऐकू येतं. पलीकडून शेवंताबाई 'हॅलो' म्हणाली. आन्टीने फोन दोन्ही हातांत घट्ट धरला. मला वाटलं, आता ठेवून देईल.

"बाय," शेवटी ती म्हणाली, "मी त्याला लय शाप दिले गो. इतकी वरसं. एक दिस चुकवला नाय."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मी पन," शेवंताबाई म्हणाली.

मग दोघींपैकी कोणीच काही बोललं नाही, पण फोनही ठेवला नाही. विल्सन आणि मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो.